गावचा खेळाडू

आवाज मी ऐकला होता. हायवेच्या कडेला दुकान असलं की असले आवाज रोजचेच... कुठं टायर फुटतो, कुठं ट्रॉलीचं फाळकं पडतं, कुठं कोण कुणाला मागून ठोकतो. माझ्या मांडीवर विहिरीवरची एक मोटर होती, अर्धी वाइंडिंग झालेली, आणि हातातली तार सोडली असती तर सगळा गुंता झाला असता. म्हणून मी मान वर केली नाही. मग टोमॅटोच्या पिकअपचा एक ड्रायव्हर, ओळखीचा ना पाळखीचा, रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या समोरच्या अण्णाला रिंग लागली." ट्रकच्या चाकावर टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसली नाही तर सुटते, आणि सुटली की समोर कोण आहे ते बघत नाही. मी पोचलो तेव्हा कॉम्प्रेसर चालूच होता. आधी तो बंद करावा की अण्णाकडं, म्हणजे आमच्या वर्गीभाऊकडं बघावं, हेच मला कळेना. मी कॉम्प्रेसर बंद केला. वर्गीभाऊसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

याला आता दीड महिना झाला. घरचे म्हणतात, सारखं मनात घोळवू नका, एकदा लिहून टाका. लिहितो खरा, पण गोड लिहिता येणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तेवढं मी बोलेन. मागं राहिलेल्यांबद्दल मला कुणी तसं सांगितलेलं नाही.

वर्गीस हे त्याचं नाव. केरळातला, कोट्टयमकडचा. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल, नारायणगावच्या अलीकडं आमच्या फाट्यावर त्यानं पत्र्याची टपरी टाकली, एक जुना कॉम्प्रेसर आणला आणि 'टायर पंक्चर' अशी पाटी लावली. कुणा ओळखीच्या ट्रकवाल्यानं त्याला सांगितलं होतं की या रस्त्याला नाशिकपर्यंत खड्डेच खड्डे आहेत, पोटाला कमी पडणार नाही. मराठी येत नव्हती, हिंदी आमच्यापेक्षा वाईट. लोक त्याला 'मद्राशी' म्हणायचे, तोंडावर 'अण्णा' म्हणायचे, आणि काम झालं की निघून जायचे. वर्षभर तो माणूस दिवसभर पंक्चर काढी आणि संध्याकाळी टपरीच्या फळीवर बसून रस्त्याकडं बघत राही. समोर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मधे फक्त डांबर. मीसुद्धा त्याच्याशी वर्षभरात कामापलीकडं बोललो नव्हतो, कारण बोलायचं काय हा प्रश्न होता.

आमच्यात बोलणं सुरू झालं ते हॉलीबॉलमुळं. शाळेमागच्या मैदानावर आमची टीम रोज खेळायची. मी कप्तान होतो, म्हणजे नेट आणि बॉल माझ्या घरी असायचा, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी बॉल बाभळीच्या काट्यावर गेला. दुसरा आणायचा तर पुण्याला जावं लागणार, म्हणून आम्ही तो वर्गीसच्या टपरीवर नेला. त्यानं वाद्या सोडल्या, आतला ब्लॅडर काढला, पाण्यात धरून बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं, परत आत घालून हवा भरली. आणि बॉल आमच्या हातात द्यायचं सोडून तो टपरीसमोर उभा राहिला आणि दहा बोटांवर डोक्याच्या वर बॉल उडवायला लागला. आवाज नाही. आम्ही बॉल मारतो तेव्हा थपडेचा आवाज येतो, त्याच्या बोटांना लागून बॉल वर जायचा तो कापूस उडाल्यासारखा. आमचा पोपट नावाचा एक गडी होता, उंच, उडी मारणारा. तो म्हणाला, "अण्णा, खेळता का तुमी?" वर्गीसला प्रश्न कळला की नाही कोण जाणे, पण त्यानं पाणीभरली बादली फळीखाली सरकवली, टपरीला कुलूप लावलं आणि आमच्या मागं चालायला लागला.

आमच्या टीमचा एक जुना रोग होता, आणि तो रोग टीमचा नव्हता, गावाचाच होता. सगळ्यांना मारायचं असे. दुसऱ्याला उचलून द्यायला कुणी तयार नसे. नेटवर सहाच्या सहा जण हात उगारून उभे, आणि बॉल आपल्याच दोघांच्या मधे पडलेला. वर्गीस पहिल्या दिवसापासून नेटजवळ उभा राहिला तो फक्त उचलून देण्यासाठी. लिफ्टर म्हणतात त्याला. कुठूनही कसाही बॉल येवो, पालथा पडून, गुडघे फोडून तो त्याच्याखाली जायचा आणि पोपटच्या हातासमोर असा टांगून ठेवायचा, की पोपटनं फक्त हात खाली आणायचा. लोक टाळ्या पोपटला द्यायचे. वर्गीस तोवर परत जाग्यावर जाऊन उभा असायचा. मी एकदा विचारलं, "तू का मारत न्हाईस रं कधी?" तोवर त्याला आमची भाषा यायला लागली होती, आमच्यासारखीच वाकडी. म्हणाला, "मारनारे लई हाय इथं. मी बी मारला तर देनार कोन?" 

तिथून त्याचा 'अण्णा'चा 'वर्गीभाऊ' झाला. आम्ही त्याची भरपूर थट्टा करायचो. "पावणं, निसता भात खाता, उडी कशी येती?" तर म्हणायचा, "भाकर पोटात दगड व्हती राव, त्यानं उडी येत नाय." येडगाव धरणाचे मासे आणून तो खोबऱ्यात शिजवायचा, आणि नाकं मुरडणारे आमचे गडी टपरीमागं बसून पातेलं चाटूनपुसून खायचे. पुढं तो गावाकडं जाऊन लग्न करून आला. लिसीवहिनी नर्स, नारायणगावात एका दवाखान्यात लागली. खोली मात्र आमच्या गावातच घेतली त्यांनी. मुलगी झाली, निशा. ती तर आमचीच बोली बोलत मोठी झाली. आईशी मल्याळममधे भांडायची आणि रागानं बाहेर येऊन "मी न्हाई जा" म्हणायची.

एक गोष्ट त्यानं फार लवकर ओळखली, जी बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांना जन्मभर कळत नाही. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर चालतं. पंगतीला नाही बसलं तर चालतं. पण मयत झाली तर मातीला गेलंच पाहिजे. प्रेताबरोबर मसणवाट्यापर्यंत चालत जाणं, जमलं तर खांदा देणं, याला आम्ही 'मातीला जाणं' म्हणतो, आणि गावात कोण आपला आणि कोण नाही हे तिथं मोजलं जातं. वर्गीभाऊ टपरी बंद करून प्रत्येकाच्या मातीला यायचा. ज्यांनी त्याच्याशी कधी शब्द काढला नव्हता त्यांच्याही. माझे वडील गेले तेव्हा पावसानं ओढ्याची वाट निसरडी झाली होती, आणि तिरडीच्या पुढच्या डाव्या दांडीला मसणवाट्यापर्यंत तोच होता. त्याचा खांदा बदलायला दोघे पुढं झाले तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. मी ते विसरलो नाही. गाव विसरलं.

आता त्या फायनलचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्या भागात यात्रेला कुस्त्यांबरोबर हॉलीबॉलचे सामनेही असायचे. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या टीमा यायच्या. नियम एकच होता, पण कडक: ज्या गावाची टीम, त्याच गावचा खेळाडू. कारण काही गावं पुण्याहून पट्टीचे खेळाडू भाड्यानं आणायची आणि ढाल घेऊन जायची. नव्वदीच्या शेवटाशेवटाला आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो. समोर धरणाच्या पलीकडच्या गावाची टीम, तिचा कप्तान सोपान. धिप्पाड, तोंडाळ, पण खेळात कधी लबाडी न केलेला माणूस. मैदानावर उतरायच्या आधी तो पंचांकडं गेला आणि वर्गीभाऊकडं बोट करून म्हणाला, "ह्यो गावचा न्हाई."

आम्ही भांडायला लागलो. दहा वर्षं झाली, इथं राहतो, इथं धंदा करतो, लेकरू इथलं. सोपान शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "धंदा कुणीबी कुठंबी करतो. ऊसतोडीवालेबी सहा महिने ऱ्हात्यात. मला एवढंच सांगा, उद्या ह्यो मेला तर ह्याची माती कुठं व्हईल? तुमच्या गावात व्हईल का ह्याच्या? माणूस जिथं मातीत जातो तिथला असतो." तो चुकीचं बोलत नव्हता. हे आमचंच माप होतं आणि त्यानं ते आमच्यासमोर धरलं होतं.

तेव्हा गर्दीतून दगडूबाबा पुढं आले. मेंढरांमागं आयुष्य गेलेला म्हातारा, तेव्हाच सत्तरीपलीकडचा. आमच्या गावच्या खंडोबाच्या देवळाची झाडलोट त्यांच्याच घराण्याकडं. खेळातलं त्यांना काही कळत नसे, पण आमच्या प्रत्येक सामन्याला घोंगडी टाकून बसायचे. त्यांनी कंबरेची पिशवी सोडली. त्यात भंडारा होता, खंडोबाची हळद. कुणाला तरी बेलाचं पान आणायला सांगितलं. आमच्याकडं बेल-भंडारा हातात घेऊन बोललेलं खोटं करता येत नाही. भावाभावांची जी भांडणं कोर्टात मिटत नाहीत ती या चिमटीवर मिटतात. म्हाताऱ्यानं पान आणि भंडारा तळहातावर घेतला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलला, "ह्यो वर्गी आमच्या गावचा. ह्याची माती आमच्या गावात व्हईल. न्हाई झाली तर माझा भंडारा खोटा."

सोपाननं लगेच हात जोडले. म्हणाला, "मग आमचं काय म्हणणं न्हाई, बाबा." आणि सामना सुरू झाला. आम्ही जिंकलो. शेवटचा बॉल पोपटनं मारला, वर्गीभाऊनं दिलेला. सगळं गाव मैदानात धावलं आणि पोपटला आणि वर्गीभाऊला, दोघांना खांद्यावर घेतलं. त्या रात्री ढाल ट्रॅक्टरवर ठेवून गावात मिरवली. वर्गीभाऊच्या कपाळाला बायांनी भंडारा लावला आणि त्यानं लावू दिला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. बाबा नेमकं काय बोलला ते त्याला शब्द न् शब्द समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "आमच्याकडं चर्चच्या मागं जागा हाय. माझ्या आज्याची, बापाची. मला वाटायचं, मरायला तिथं जावं लागनार." स्टुलावरून उठत म्हणाला, "आता नाय जायचं." मी हसण्यावारी नेलं, म्हटलं, मरायची एवढी घाई काय पडली. तो हसला नाही. पुढं त्याची आई वारली तेव्हा तो गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. भाऊ म्हणत होता, आता इकडंच ये, बास झालं. यानं त्याला सांगितलं, माझं गाव मिळालं मला. लिसीवहिनीला हे मान्य नव्हतं. तिला म्हातारपण केरळात काढायचं होतं. पण नवऱ्याच्या तोंडावरचं समाधान बघून तिनंही विषय सोडला. हे मला तिनं आता सांगितलं, तो गेल्यावर.

तर तो गेला. पोस्टमॉर्टेम होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बॉडी घरी आली. भाऊ केरळातून निघाला होता, त्याला पोचायला अजून रात्र जाणार होती. फादर पुण्याहून यायला तयार होते, विचारत होते, जागा कुठं. तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की वर्गीभाऊला जाळायचं नाही, पुरायचं आहे. आमच्या मसणवाट्यात सगळ्यांना जाळतात. त्याच्या कडेला ओढ्याच्या अंगाला लहान पोरं पुरतात, दगडूबाबांच्या भावकीतली जुनी माणसंही तिथंच पुरलेली आहेत. म्हणजे गावाला पुरणं माहीत नाही असं नव्हतं. मला वाटलं, हा काय प्रश्न आहे, तिथंच कडेला खड्डा घेऊ. दोघांना कुदळ-फावडं घेऊन ओढ्याकडं पाठवलं. ते तसेच परत आले. त्यांना वाटेतच थांबवलं होतं.

वर्गीभाऊच्या खोलीसमोरच्या खंडोबाच्या पारावर माणसं जमली. गावची मोठी माणसं, ज्यांची नावं इथं लिहून मला त्यांना मान द्यायचा नाही. कुणी वाईट बोललं नाही, हे आधी सांगतो. सगळे हळहळत होते. लई चांगला माणूस, कुणाच्या अध्यात न मध्यात. मग एक जण म्हणाला, "पण पायंडा पडंल." दुसरा म्हणाला, "आज एक क्रूस उभा ऱ्हायला की उद्या त्यांची माणसं येत्याल, जागा आमचीच म्हणत्याल." तिसरा म्हणाला, "पुण्यात त्यांची सोय हाय की. तिथं त्यांच्या रीतीनं नीट व्हईल. आपुन गाडीचं बघू." एवढ्या मायेनं बोलत होते की अंगाला आग लागावी. मी विचारलं, "आणि बेल-भंडारा? तो कशासाठी उचलला व्हता?" तर एक जण चक्क माझ्याकडं बघून म्हणाला, "ते खेळापुरतं व्हतं रं."

खेळापुरतं. त्या माणसाच्या बापाच्या मातीला वर्गीभाऊ टपरी बंद करून आला होता.

आमच्या टीमचे चौघे तिथंच होते. पोपटही होता. पोपटच्या घरची जमीन ओढ्याला लागून आहे. त्यानं मान खाली घातली आणि चपलेनं माती उकरत राहिला. अठरा वर्षं ज्याच्या बोटांवरून आलेले बॉल मारून हा गडी दोन तालुक्यांत नाव मिळवून होता, त्याला त्या संध्याकाळी एक शब्द उचलून देता आला नाही. लोक मला विचारतात, तुम्ही का नाही दिली जागा? माझ्याकडं गुंठाभर वावर नाही. घर गावठाणात, भिंतीला भिंत. असती जागा तर मी कुणाला विचारलंही नसतं.

दगडूबाबांना आता उठवत नाही. पाठवणीला म्हणून त्यांना खाटेसकट पारावर आणलं होतं. त्यांना काय चाललंय ते उशिरा कळलं. कळल्यावर म्हणाले, "माझ्या वाड्याच्या जागंत पुरा. मेंढरं बसायची तिथं." त्यांची दोन्ही मुलं मागंच उभी होती. थोरला खाली वाकून अगदी हळू आवाजात बोलला, पण आम्ही ऐकलं. "बाबा, तिकडनं रस्ता झालाय आता. उद्या प्लॉट पाडायचेत. थडगं असलेली जागा कोण घेईल?" म्हातारा त्याच्याकडं वळला. मग म्हणाला, "मी भंडारा उचलला व्हता रं." मुलगा म्हणाला, "तवाचं तवा गेलं." जागा कागदावर मुलांच्या नावानं आहे. म्हाताऱ्याच्या नावावर खाट तेवढी आहे.

एवढ्यात सोपान आला. धरणापलीकडून, मोटरसायकलींवर त्याचे आठ-दहा गडी घेऊन. त्याचेही केस पिकलेत आता. त्यानं वर्गीभाऊच्या पायावर फुलं ठेवली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "माती कवा हाय?" मी पारावर झालेलं बोलणं, त्या 'खेळापुरतं'सकट, त्याला सांगितलं. तो पारासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "त्या दिशी वर्गी नसता तर आमी खेळात हरलो आसतो का न्हाई, द्येव जाणं. पण आमी खेळायच्या आधीच हरलो व्हतो. तुमच्या भंडाऱ्यापुढं हात जोडले आमी. आता तुमी म्हंता, ते खेळापुरतं व्हतं." मग तो माझ्याकडं वळला. "चला, उचला त्याला. आमच्याकडं ओढ्याकडंला जागा हाय. आमच्यात पुरू. मी आमच्या सरपंचाला आत्ताच फोन करतो."

मला वाटलं, सुटलो. मी आत जाऊन लिसीवहिनीला सांगितलं. ती निशाला जवळ घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकून घेतलं, बाहेर आली आणि सोपानला हात जोडले. "नको, भाऊ. तुमचे उपकार आहेत. पण ते तुमच्या गावचे नव्हते." सोपान म्हणाला, "वहिनी, मातीला काय गाव असतंय." ती म्हणाली, "तुम्हीच विचारलं होतं ना त्या वेळी, याची माती कुठं होणार म्हणून? ते सारखं सांगायचे मला. ते या गावचे होते. हे गाव नको म्हणतंय, तर मग चर्चची जागा आहे पुण्यात. तिथं कुणी गाव विचारत नाही." ती रडत नव्हती. मलाच रडू आलं, आणि मी रडलो, सगळ्यांसमोर.

पहाटे भाऊ पोचला आणि सकाळी गाडी निघाली. निघताना दगडूबाबांची खाट रस्त्यावर आणायला लावली त्यांनी. वर्गीभाऊच्या कपाळाला हात लावला. मग तोच हात स्वतःच्या कपाळावर नेला आणि तिथला भंडारा पुसून टाकला, अगदी कातडी निघेल असा घासून. त्यांनी त्यानंतर भंडारा लावलेला नाही. देवळातली घंटा ऐकू आली की तोंड भिंतीकडं करून झोपतात. सुना म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. चळ नाही. त्या गावात शपथ अजून ज्याला कळते असा तेवढाच एक माणूस उरलाय.

पुण्यात आम्ही अकरा-बारा जण गेलो, त्यात निम्मे सोपानचे. गावातली चार पोरं होती. पोपट नव्हता. फादर मल्याळममधे प्रार्थना म्हणत होते. आम्हाला काही कळत नव्हतं, आम्ही हात जोडून उभे. पण खड्ड्यात माती लोटायची वेळ आली तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही. मूठमाती देणं आम्हाला येतं. एकेकानं पुढं होऊन मूठ टाकली. मी टाकली तेव्हा लक्षात आलं, ही काळी माती नाही, मुरूम आहे, भराव टाकलेला. आजूबाजूला सगळी अनोळखी नावं. वर्गीभाऊला पहिलं वर्ष पुन्हा एकदा काढायचं आहे, असं मला वाटलं, आणि या वेळी हातात बॉल नाही.

गावात आता खेळ बंद आहे. कुणी बंद केला नाही, कुणी नेटच बांधायला येत नाही. माझ्या माळ्यावर नेट पडून आहे, मी ते खाली काढणार नाही. पोपट परवा दुकानात आला, मोटर घेऊन. मी मोटर ठेवून घेतली. तो उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. म्हणाला, "घरात आई न्हाई म्हनली व्हती." मी वाइंडिंग करत राहिलो. लिसीवहिनीनं खोली सोडली नाही. निशाची शाळा इथं आहे, वहिनीचा दवाखाना जवळ आहे. बाया तिला पाण्यावर भेटल्या की डोळ्याला पदर लावतात. ती "हो, हो" म्हणते आणि पुढं निघून जाते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "भाऊ, दगड करायचा आहे, येता का?" दफनभूमीच्या बाहेर फरशीवर अक्षरं कोरणारा एक जण बसतो, त्याच्याकडं आम्ही तिघं गेलो. त्यानं नाव विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, गाव काय टाकू? वर्गीभाऊचा भाऊ केरळातून फोनवर सांगून बसला होता की कोट्टयमकडच्या घराचं नाव घाला, तशीच रीत आहे. निशानं आईकडं बघितलं. आणि वहिनीनं आमच्या गावाचं नाव सांगितलं, तालुका जुन्नर. मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "वहिनी, कशाला? साडेतीन हात जागा दिली न्हाई त्यांनी." ती म्हणाली, "त्यांनी नाही दिली, ते त्यांचं. हे कुठले होते ते मला माहीत आहे."

कारागिरानं खडूनं फरशीवर अक्षरं आखून घेतली. आधी नाव, खाली आमचं गाव. मग छिन्नी हातात घेता घेता, सहज बोलायचं म्हणून, त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमी बी तिथलेच का?" माझा आजा, पणजा, सगळे त्या गावात जळाले. मी जन्मलो तिथं. तरी मला लगेच हो म्हणता आलं नाही.